आत्याबाईंनी उचललेला भंडारा

आमच्या आत्याबाईंशी भांडायचं असंल तर उभ्यानं भांडावं लागतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई. तुमी खाली बसलात की त्या आधी भाकरी वाढतात आणि मग भांडतात. तोंडात घास असलेल्या माणसाला काय बोलता येतंय? लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मी अशी कितीदा हरले. जालिंदर, म्हणजे माझा नवरा, त्यांचाच लेक, तो तर अजून जेवतच हरतो.

त्यांचा जन्म मेंढरांच्या तळावरचा. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, दिवाळी सरली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी परत वर. मामंजी, भिमा त्यांचं नाव, ते गेले आणि मेंढरं एकट्या बाईला पेलंनात. बरीचशी विकली. आता डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, थोडा कांदा, थोडा टोमॅटो, आणि हौसेपायी राखलेली चार मेंढरं. जालिंदर क्रेट भरून नारायणगावला जातो, मी घर आणि रान बघते, आणि आत्याबाई आमा दोघांना बघतात.

आमच्या धनगरांत भंडारा म्हणजे नुसती हळद न्हाई. बिरोबासमोर भंडारा मुठीत घेऊन माणूस जे बोलंल ते मागं घेता येत न्हाई. खोटं निघालं तर ते उचलणाऱ्याच्या घरावर येतं, असं आमी मानतो. म्हणून भंडारा उचलायला भलेभले कचरतात. आत्याबाई कचरायच्या न्हाईत, पण उगाच मूठही भरायच्या न्हाईत. कुणाच्या मेंढरांनी कुणाचा कांदा खाल्ला, कुणी बांध कोरला, असला तंटा आला की आधी दोघांना शिव्या. मग स्वतः रानात जाऊन बघायच्या. खात्री पटली तरच बिरोबापुढं मूठ भरायच्या. आणि एकदा मूठ भरली की तंटा मिटला. खालच्या गावातली पाटलांची माणसंसुद्धा मग वर तोंड करत नव्हती.

न्हाईतर त्यांच्याकडं दुसरं काय व्हतं? शाळा न्हाई, सही न्हाई, माहेर कधीच मोडलेलं. त्यांचा शब्द चालायचा, एवढीच जन्माची कमाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे गेलं ते हेच गेलं.

वाडीच्या वर, ओढ्याला खडकात एक डोह आहे. उन्हाळ्यात ओढा आटतो, डोह आटत न्हाई. काठाला बिरोबाचं ठाणं. त्या पाण्यात बोटाएवढा मासा असतो, पाठीवर काळसर पट्टे आणि पोट पिवळंजर्द, हळदीत लोळून आल्यागत. त्याला आमी भंडाऱ्या म्हणतो. देवाचा मासा. त्याला कोणी धरत न्हाई, वांड पोरंसुद्धा न्हाई. दर रविवारी आत्याबाई भाकरीचा चुरा घेऊन जायच्या आणि पाण्याशी बसून बोलायच्या. "आलास का रं? आज मागं राहिलास व्हय?" असलं काहीबाही. माझ्याशी एवढ्या गोडीनं कधी बोलल्या न्हाईत, ते जाऊ द्या.

मग डोहाच्या वरची जमीन कुणा बाहेरच्या माणसानं घेतली. तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आणि पाणी डोहातून उचलायचं, अशी बोलणी सुरू झाली. माणसं येऊन मोटारीची जागाही बघून गेली. वाडी नुसती धुमसत व्हती, पण करायचं काय ते कुणाला सुचत नव्हतं. नेमके त्याच दिवसांत सर आले.

चांगदेव सर. विद्यापीठाचं नाव मी घेत न्हाई, घेतलं की माझं डोकं फिरतं. तिथं ते जीवशास्त्र शिकवायचे, ओढ्या-नद्यांतल्या माशांवर त्यांचं काम. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात रबरी चप्पल, मागं जाळी आणि डबे घेतलेली पोरंपोरी. ठाण्याचे पुजारी चिमाजीबाबा यांनी सगळ्यांना वाटेतच अडवलं. म्हणले, "देवाचं पाणी हाय. जाळं घिऊन पुढं जायचं न्हाई."

दुसरा कोणी असता तर वाद घातला असता, न्हाईतर परत गेला असता. हे सर सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसले. कुणीतरी सांगितलं असणार, वाडीत कुणाचं चालतं ते. बसल्या बसल्या म्हणले, "मावशी, मी परका नाही. मी आळ्याचा, इथून जवळच्याच गावचा. आमच्या घरी खंडोबाचे टाक आहेत, आम्ही पण तळी भरतो." बसले म्हणल्यावर आत्याबाईंनी भाकरी आणि ठेचा वाढला. ठेचा त्या दिवशी माझ्या हातचा, म्हणजे जाळ. गड्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहतंय, पण खातोय. आत्याबाई तिथंच विरघळल्या.

मग सरांनी समजावलं. असा मासा त्यांनी दुसरीकडं कुठं बघितला नव्हता. तो फक्त ह्याच ओढ्यात आहे असं ठरलं, तर ह्या पाण्याला मोटार लावायला कुणाला परवानगी मिळणार न्हाई. पण ठरवायचं तर मासा जवळून बघायला लागणार. मोजायचा, फोटो काढायचा, शेपटीचा नखाएवढा तुकडा तपासायला घ्यायचा, आणि परत पाण्यात सोडायचा.

"मरंल न त्यो?" आत्याबाईंनी विचारलं.

"एकही मरणार नाही मावशी. एकही बाहेर नेणार नाही. शब्द देतो."

"शब्द असा वाऱ्यावर देत्यात व्हय? ऊठ. चल ठाण्यावर."

अख्खी वाडी गोळा झाली. चिमाजीबाबांनी भंडाऱ्याचं ताट सरांपुढं धरलं, तर आत्याबाईंनी ते आपल्याकडं ओढलं. म्हणल्या, "ह्याच्या घराला देव कुठं शोधत फिरंल? माझं घर हितंच हाय. मी उचलते." मूठ भरली आणि डोळे मिटून बोलल्या, "बिरोबा, ह्या लोकांनी तुझ्या पाण्यातला एक जीव जरी बाहीर ठिवला, तर माझ्या घराकडं बघ." मी मागं उभी व्हते, माझी श्रेया कडेवर. घर त्यांचं तेच माझं. पण बोलायची सोय व्हती का?

मग त्याच मुठीतला भंडारा त्यांनी सरांच्या कपाळाला फासला. "कळलं न चांगदेवा, काय उचललंय ते?"

"कळलं मावशी," सर म्हणले. आळ्याचा माणूस, घरात खंडोबाचे टाक असलेला. त्याला कळलं नव्हतं असं मला कुणी सांगू नका.

त्यानंतर सरांची माणसं सारखी येत राहिली. पावसाळ्यात यायची, उन्हाळ्यात यायची. अगं बया, काय काय मोजायची! पाणी किती गार, दगडावर शेवाळ किती, दगडाखाली किडे कुठले, भंडाऱ्या काय खातो, त्याला कोण खातो. आरोही म्हणून एक पोरगी व्हती सरांच्या हाताखाली शिकणारी, ती आमच्याकडंच राहायची. ती म्हणायची, वहिनी, झाडाचं पान पाण्यात पडतं तिथपासून माशापर्यंत सगळं एकमेकाला धरून आहे, एक काढलं की दुसरं ढासळतं. मी म्हणायचे, अगदी आमच्या घरासारखं, आत्याबाई काढा की बघा. ती हसायची. गुणी पोर व्हती, तिला मी वाईट म्हणणार न्हाई.

पहिलं वर्षभर आत्याबाई खडकावर बसून असायच्या. मासा डब्यात आला की मान वाकडी करून बघायच्या, सुटला की बोट दाखवायच्या. "त्यो बारका राह्यला बघ तुझ्या डब्यात." पोरं त्यांना भ्यायची आणि त्यांच्याकडनंच भाकरी मागून खायची. सर येताना त्यांच्यासाठी तपकीर आणायचे. घरात कुणी आजारी पडलं तर आत्याबाई जालिंदरला म्हणायच्या, चांगदेवाला फोन लाव. मी किती सांगितलं, अहो ते माशांचे डॉक्टर आहेत. त्यावर म्हणायच्या, डाक्टर तो डाक्टर.

दुसऱ्या वर्षी त्या खडकावर बसायच्या बंद झाल्या. मला वाटलं गुडघे दुखतात. विचारलं, "आज डोहावर गेला न्हाई?"

माझ्यावरच उखडल्या. "राखण करत बसायला ते चोर हायेत व्हय? त्यानं कपाळाला भंडारा लावलाय, हिरे. त्याच्या डोक्यावर जाऊन बसू? त्याला काय वाटंल?"

त्याला काय वाटंल, ह्याची काळजी आमच्या म्हातारीला!

पुढं मोटारीचं काम थांबलं. ते खरं आहे, खोटं कशाला बोलू. सरकारी माणसं आली, सरांनी त्यांना डोह दाखवला, आणि जमीनवाल्याला सांगण्यात आलं की ह्या पाण्याला हात लावायचा न्हाई. वाडीनं गुलाल उधळला. चिमाजीबाबांनी आत्याबाईंना मान म्हणून पहिला नारळ फोडायला दिला. आणि थोड्याच दिवसांत सरांचा फोन आला. मासा नवा निघाला. जगात कुणाला ठाऊक नव्हता असा. त्याला नाव द्यायचं असतं ते सरांनी दिलं, आणि त्या शास्त्रातल्या लांबलचक नावाच्या शेवटी आत्याबाईंचं नाव जोडलं.

"माशाला माझं नाव? आणि मासळीवाल्यानं हाक मारली तर मी ओ देऊ का?" असं म्हणल्या खऱ्या. पण ओतूरच्या बाजारात गेल्या तर भेटंल त्याला सांगत सुटल्या. मेथी घेताना सांगितलं, दळणाला गेल्या तिथं सांगितलं. एका ओळखीच्या बाईला तर दोनदा सांगितलं. मी आयुष्यात त्यांना एवढं फुललेलं बघितलं न्हाई. मामंजींच्या फोटोसमोर उभ्या राहून म्हणल्या, "तुमी मला म्हाळसे म्हणत व्हता. आता सायेब लोकं म्हणत्यात."

विद्यापीठात सत्कार ठेवला. जालिंदरनं त्यांना नवं लुगडं घेतलं, हिरवं, काठाचं. आमी तिघं टेम्पोतनं गेलो. मोठा हॉल, पंखे, खुर्च्यांवर माणसंच माणसं. सरांनी भाषणात सांगितलं, ह्या माउलीनं विश्वास टाकला नसता तर हे काम झालं नसतं. टाळ्या पडल्या. शाल घातली, नारळ दिला. आत्याबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या व्हत्या, आणि मला त्यांची लाज न वाटता अभिमान वाटत व्हता, खरं सांगते.

कार्यक्रम झाल्यावर सर म्हणले, "चला मावशी, तुमचा मासा दाखवतो." आमाला वाटलं मोठा फोटो असंल. आरोही मागं मागं राहत व्हती, ते तेव्हा लक्षात आलं न्हाई.

एका थंडगार खोलीत कपाटंच कपाटं. सगळी काचेच्या बाटल्यांनी भरलेली. साप, बेडूक, खेकडे, सगळे औषधाच्या पाण्यात. सरांनी एक बाटली काढून टेबलावर ठेवली. अलगद ठेवली, देव ठेवतात तशी. आत बोटाएवढा मासा. तोंड उघडं, डोळा पांढरा, शेपटीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. पोट मळकं, पांढरट.

आत्याबाई वाकल्या. लई वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "ह्याचा भंडारा कुठं गेला?"

"औषधात ठेवला की रंग उडतो मावशी," सर म्हणले. अजून हसतच व्हते. "पण हाच तो. तुमचं नाव ज्याला दिलंय तो हा."

"कुठला हाय ह्यो?"

तेव्हा कुठं सरांचं हसू गेलं. जालिंदरनं माझ्याकडं बघितलं.

"मावशी, त्याचं असं आहे," सर म्हणले, "नवा मासा जाहीर करायचा तर एक नमुना ठेवावाच लागतो. पुढं कुणाला ताडून बघायचं असलं तर ह्याच्याशीच ताडतात. सगळीकडं हाच नियम आहे. बाकी सगळे आम्ही सोडले. उन्हाळ्यात ओढ्यातल्या डबक्यांत ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मरतात. आणि त्याच्यामुळंच तर डोह वाचला."

"नियम आधीपासनं हाय का नंतर केला?"

"आधीपासून."

"म्हंजी भंडारा लावून घेताना तुला म्हाईत व्हतं."

सरांनी बाटली आपल्याकडं ओढली. मग खाली बघून म्हणले, "सांगितलं असतं तर तुम्ही उचलला नसता."

बाई गं! हे जे बोलले ना, ते त्या माशापेक्षा वाईट. मासा मारला ते एक वेळ समजून घेतलं असतं, नियम असंल बाबा शास्त्राचा. पण म्हातारी फसल्याशिवाय भंडारा उचलणार न्हाई, हे ओळखून तिला फसवलं. भाकरी खाऊन, मावशी म्हणून, केसानं गळा कापला.

आत्याबाईंनी हात पुढं केला. "दे त्यो. पाण्यात सोडते."

"देता येत नाही मावशी. तो आता माझा पण नाही."

"मग माझं नाव काढून घे त्याच्यावरचं."

सरांनी आरोहीकडं बघितलं, आरोहीनं रडायला सुरुवात केली. सर म्हणले, "एकदा दिलेलं नाव काढता येत नाही. तोही नियम आहे. जग आहे तोवर त्याला हेच नाव."

आत्याबाईंनी शाल काढली, घडी केली, त्या बाटलीशेजारी ठेवली आणि बाहेर पडल्या. टेम्पोत बसल्या. राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, नारायणगाव गेलं, नुसत्या समोर बघत. मी म्हणलं, "आत्याबाई, वाडीत कुणाला कळतंय? आपण तिघंच गेलेलो. गप बसू." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं.

उतरल्या त्या थेट ठाण्यावर. चिमाजीबाबांना बोलावलं, आणि आजूबाजूला बायामाणसं गोळा होऊस्तवर थांबल्या. मग सगळ्यांसमोर सांगितलं. बाटली, नियम, सगळं. शेवटी म्हणल्या, "मी उचलला त्यो भंडारा खोटा पडला."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चिमाजीबाबा उलट समजूत घालायला लागले. "म्हाळसाबाई, तुझा काय दोष? खोटं त्यो बोलला. आणि डोह तर राह्यला न?"

"मूठ माझी व्हती," आत्याबाई म्हणल्या.

सर नंतर एकदा येऊन गेले. आत्याबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हणलं, सर, आमच्या घरात लेकरू आहे. त्याला साधा ताप आला तरी म्हातारी रात्रभर डोळ्याला डोळा लावत न्हाई, माझ्यामुळंच आला म्हणते. हे कुठल्या शास्त्रात मोजता तुमी? सर म्हणले, "वहिनी, काम मोठं होतं." असंल मोठं. आमची म्हातारी लहान व्हती का? ते चप्पल घालून गेले. तपकिरीची डबी ओट्यावर ठेवून गेले, ती जालिंदरनं उचलून उकिरड्यावर टाकली.

आता आत्याबाई रविवारी डोहावर जात न्हाईत. चुरा मी घेऊन जाते. मासे येतात, त्यांना काय, चुऱ्याशी मतलब. मागं बांधाच्या भांडणात खालच्या गावचे दोघं सवयीनं आमच्याकडं आले, आत्याबाईंनी त्यांना पोलीसपाटलाकडं पाठवलं. "माझा हात आता चालत न्हाई," एवढंच म्हणल्या. ते दोघं अजून कोर्टात आहेत. चंपाषष्ठीला सगळी वाडी भंडाऱ्यानं पिवळी झाली, आणि ह्या ओट्यावर बसलेल्या, कपाळ कोरं. मी चिमूट घेऊन गेले तर माझा हात धरला. जोरात न्हाई, नुसता धरून ठेवला. मला रडू आलं.

डोहाजवळ आता फळा लागलाय. माशाचा रंगीत फोटो, पोट पिवळंजर्द, खाली आत्याबाईंचं नाव. तो वाचून लोक खाली वाडीत येतात. परवा कुठल्याशा कॉलेजची पोरं आली. आत्याबाई अंगणात कांदा निवडत व्हत्या. त्यातली एक पोरगी लई आदबीनं पुढं आली. "आजी, म्हाळसाबाई इथंच राहतात ना? माशाला ज्यांचं नाव दिलंय त्या?"

आत्याबाईंनी मान वर केली न्हाई. "राहत व्हती," म्हणल्या. "आता विद्यापीठात असती. बाटलीत हाय, जाऊन बघा."

पोरीला वाटलं म्हातारी चेष्टा करते. ती हसली आणि माझ्याकडं बघायला लागली. आत्याबाई कांदा निवडत राहिल्या. तिला बस म्हणल्या न्हाईत, भाकरीचंही विचारलं न्हाई.